भेटवस्तूचा ग्राहक कोण? : ग्राहकानुरूप महोत्पादनाच्या संकल्पनेची समीक्षा

प्रस्तावना

कपावर छायाचित्र, पेनावर नाव, उशीच्या अभ्र्यावर शुभेच्छा अशा वैयक्तिक भेटवस्तू मागणीनुसार तयार करून घेणे आज सर्वसामान्य ग्राहकासही शक्य झाले आहे. या व्यवहाराच्या मुळाशी व्यवस्थापनशास्त्रातील ‘मास कस्टमायझेशन’ अर्थात ग्राहकानुरूप महोत्पादन ही संकल्पना आहे. तिची चर्चा बहुधा खर्च, तंत्रज्ञान व ग्राहकसमाधान या अंगांनी होते. भेटवस्तूच्या संदर्भात मात्र तिची एक मूलभूत मर्यादा उघड होते. मागणी नोंदविणारा आणि वस्तू वापरणारा एकच आहे, हे या संकल्पनेचे गृहीतक होय. भेटीच्या व्यवहारात या दोन भिन्न व्यक्ती असतात. या भेदाचे परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेची वाटचाल

महोत्पादनाचे अभिजात उदाहरण म्हणजे फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार. १९१४ ते १९२५ या काळात ती केवळ काळ्या रंगात मिळत असे. स्वस्ताईसाठी ग्राहकाने एकरूपता स्वीकारावी, हा त्या पद्धतीचा नियम होता. प्रगत तंत्रज्ञानामुळे वस्तूंतील एकरूपता न वाढता विविधताच वाढेल, असे भाकीत ऑल्विन टॉफ्लर यांनी ‘फ्यूचर शॉक’ (१९७०) या ग्रंथात केले. ‘मास कस्टमायझेशन’ ही संज्ञा स्टॅन डेव्हिस यांच्या ‘फ्यूचर परफेक्ट’ (१९८७) या ग्रंथातून पुढे आली आणि बी. जोसेफ पाइन यांनी १९९३ च्या ग्रंथात तिची पद्धतशीर मांडणी केली. महोत्पादनाच्या जवळपासच्या खर्चात प्रत्येकाला हवी तशी वस्तू देणे, हे तिचे सार होय.

भेटवस्तूंच्या व्यवसायात हे कसे साधते, ते छापील कपावरून स्पष्ट होते. विशिष्ट लेप दिलेले कोरे कप मोठ्या संख्येने तयार केले जातात. मागणी आल्यावर कागदावर छापलेले चित्र उष्णता व दाब यांच्या साहाय्याने लेपात उतरविले जाते. म्हणजे वस्तू महोत्पादनाची आणि तिचा केवळ अखेरचा संस्कार व्यक्तिगत. साठा कोरा असल्याने न विकल्या गेलेल्या नावांचा तोटा उत्पादकास सोसावा लागत नाही.

वैयक्तिकता : कोणत्या पातळीवर?

जेम्स गिलमोर व पाइन यांनी १९९७ मध्ये ग्राहकानुरूपतेचे चार प्रकार सांगितले : सहयोगी, अनुकूलक, बाह्यरूपी आणि पारदर्शी. सहयोगी प्रकारात ग्राहकाशी संवाद साधून त्याची गरज निश्चित केली जाते. बाह्यरूपी प्रकारात मूळ वस्तू तीच राहते, तिचे सादरीकरण बदलते. वस्तूवर ग्राहकाचे नाव घालणे हे या प्रकाराचेच उदाहरण होय. उभय लेखकांनी या प्रकारास हीन लेखलेले नाही. ग्राहकांच्या गरजा समान असतील आणि केवळ रूपाविषयीच्या अपेक्षा भिन्न असतील, तेथे तो योग्यच ठरतो. भेटवस्तूंच्या बाजारात मात्र बाह्यरूपी उत्पादन सहयोगी असल्याच्या थाटात विकले जाते. ‘खास तिच्यासाठी’ या आश्वासनात घेणाऱ्या व्यक्तीची आवड जाणून घेतल्याचा दावा असतो. प्रत्यक्षात उत्पादकाला ठाऊक असते ते तिचे नाव.

कोका-कोला कंपनीने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात राबविलेली मोहीम या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या देशात प्रचलित असलेली १५० नावे बाटल्यांवर छापण्यात आली आणि आपल्या माणसाच्या नावाची बाटली शोधून ती त्याला द्यावी, असे आवाहन करण्यात आले. येथे नाव हेच महोत्पादनाचा विषय झाले. ज्याचे नाव त्या यादीत नव्हते, तो या वैयक्तिकतेच्या बाहेर राहिला.

दाता आणि घेणारा

पॉल झिपकिन यांनी २००१ मध्ये या पद्धतीच्या मर्यादा दाखविताना ग्राहकाकडून नेमकी माहिती मिळविण्याच्या अडचणीवर बोट ठेवले. आपल्याला काय हवे, हे माणसाला अनेकदा सांगता येत नाही. भेटीच्या बाबतीत ही अडचण दुणावते, कारण माहिती देणारा स्वतःविषयी नव्हे तर दुसऱ्याविषयी बोलत असतो. भेटी घेणारे त्यांना दात्याच्या खर्चापेक्षा १० टक्के ते एक-तृतीयांश कमी मोल देतात, असा अंदाज जोएल वॉल्डफोगेल यांनी नाताळच्या भेटींसंबंधीच्या १९९३ च्या शोधनिबंधात मांडला. त्यात भावनिक मूल्य जमेस धरलेले नव्हते, हे लक्षात घ्यावयास हवे. वैयक्तिक भेटवस्तू हा या तुटीवरचा उपाय मानला जातो. परंतु नाव छापलेली वस्तू बदलून घेता येत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहकहक्कविषयक निर्देशात दूरस्थ खरेदी १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क आहे. व्यक्तिगत स्वरूपात बनविलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. उत्पादकाच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. मात्र निवड चुकल्यास तिचा भार, जिने निवड केलीच नव्हती, त्या व्यक्तीवर पडतो.

यावर असा प्रतिवाद संभवतो की, छायाचित्र निवडण्यात व मजकूर रचण्यात दात्याचे श्रम असतात आणि तेच भेटीचे मोल वाढवितात. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन व डॅन एरिअली यांच्या २०१२ च्या संशोधनानुसार माणूस स्वतः जोडलेल्या वस्तूस अधिक मोल देतो. पण हा निष्कर्ष श्रम करणाऱ्याविषयीचा आहे. दात्याला वाटणारे वाढीव मोल घेणाऱ्यालाही वाटेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

भांड्यावरील नाव

मराठी समाजास वस्तूवर नाव घालणे नवे नाही. आहेराच्या पितळी वा स्टीलच्या भांड्यावर नाव घालून देण्याची रीत जुनी आहे. हे भांडेही बाजारात तयार मिळणारे, त्यावरील संस्कारही अखेरचा; तांत्रिकदृष्ट्या तो बाह्यरूपी प्रकारच होय. त्यामागे मालकीची खूण आणि आहेराचा हिशेब हे व्यावहारिक हेतूही होते. तथापि त्या मजकुरात बहुधा दात्याचे नाव, प्रसंग व तारीख येई. ‘मामाकडून’ अशा शब्दाने नातेही नोंदले जाई. दात्याचा काही अंश भेटीसोबत जातो, हे मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात माओरी समाजाच्या आधारे मांडले. भांड्यावरील चार शब्दांत तो अंश उरत असे. आजच्या अनेक वस्तूंवर केवळ घेणाऱ्याचे नाव असते. देणारा कोण, हे त्या वस्तूवरून कळत नाही.

निष्कर्ष

ग्राहकानुरूप महोत्पादनाने महोत्पादनातील एकरूपतेवर उपाय शोधला, हे त्याचे यश मान्य करावे लागेल. मापाचा चष्मा वा बूट यांच्या बाबतीत हा उपाय पुरेसा आहे, कारण तेथे ग्राहक एकच असतो. भेटवस्तूच्या बाबतीत मात्र उत्पादनाचा विषय एक व्यक्ती नसून दोन व्यक्तींमधील नाते असते आणि प्रचलित मांडणीत त्यास स्थान नाही. वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गांत ही संकल्पना शिकविताना ‘ग्राहक’ या शब्दाची फोड करणे म्हणूनच आवश्यक ठरते. मागणी कोणाची, वापर कोणाचा आणि चूक झाल्यास भार कोणावर, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज वैयक्तिकतेच्या दाव्याचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.