फळ्यावर काय लिहिलंय, तेही दाखवा

वाया गेलेला वर्ग, नवा मास्तर, सुरुवातीची टिंगल, मग जुळलेला जिव्हाळा आणि शेवटी निकाल. ‘टू सर, विथ लव्ह’ (१९६७) मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत सिडनी पॉयटिए पाठ्यपुस्तकं कचऱ्याच्या टोपलीत टाकतो, तेव्हापासून हा साचा लोकांच्या मनात पक्का बसला. ‘इम्तिहान’ (१९७४) मध्ये विनोद खन्नाने तो हिंदीत आणला. ‘हिचकी’ (२०१८) मधली राणी मुखर्जीची नैना माथुर मुंबईच्या वस्तीतल्या नववी ‘फ’च्या मुलांना त्याच वाटेने आपलंसं करते. मुलं आपलीशी होतात, डोळे पाणावतात. पण ती शिकतात कधी? पुस्तक फेकल्यावर त्या तासाला शिकवलं काय, हे बहुधा एका गाण्यात उरकलं जातं.

मराठीत सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२) इथेच वेगळा ठरतो. गुणांवरून तुकड्या पाडणाऱ्या शाळेत शेवटच्या तुकडीतली मुलं प्रयोगशाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णींचा शिक्षक त्यांना नुसतं कुरवाळत नाही. नुकसानीचे पैसे कष्टाने कमवून भरायला लावतो. मला हा चित्रपट मोठा वाटतो तो या रोखठोकपणामुळे. शिवाय मुलांना जाब विचारताना तो तुकड्या पाडणाऱ्या शाळेलाही सोडत नाही.

शिवराज वायचळ यांच्या ‘आता थांबायचा नाय!’ (२०२५) मध्ये मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. कथा सत्यघटनेवरची. ही रात्रशाळा कोकणातल्या आमच्या कणकवलीला परकी नाही; दिवसा मुंबईच्या गिरणीत राबून रात्री शिकलेले चाकरमानी इथल्या कित्येक घरांत होऊन गेले. चित्रपट भावनेला जरा जास्तच हात घालतो, तरी राबून आलेल्या माणसाला बाकावर बसणंच किती जड जातं, ते त्यात दिसतं.

प्रत्यक्ष तास पाहायचा, तर लोराँ कांते यांचा ‘द क्लास’ पाहावा. २००८ साली कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पॅरिसमधला शिक्षक व्याकरण शिकवतो, मुलं विचारतात, असं बोलतं कोण? वाद पेटतो. वर्षाच्या शेवटी एक मुलगी येऊन सांगते, मी काहीच शिकले नाही. असा शेवट करायला धैर्य लागतं.

आमच्याकडे निकालाचा कळस कामाचा नाही. दहावीत कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. आमची चिंता पटसंख्येची. वाडीतल्या शाळेत मोजकी मुलं, एकच शिक्षक. पहिलीला गिरवायला देऊन तो तिसरीचा भागाकार घेतो, मध्येच पोषण आहाराची नोंद करतो, घरी मालवणी बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठी समजावतो. या शाळेवर चित्रपट काढलाच, तर त्या भागाकारात बाकी कुठे चुकली, हे पोराला उमगेपर्यंत कॅमेऱ्याने तिथून हलू नये. वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानाने घडवलेला कणकवलीचा नाट्यवेडा प्रेक्षक तेवढा वेळ नक्की थांबेल.