शीळ ते खूणगाठ : ना. घ. देशपांडे यांच्या कवितेतील आवाज

मेहकर (जि. बुलढाणा) येथे वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे (1909–2000) यांची कविता मराठी रसिकांपर्यंत पोहोचली ती प्रथम तबकडीच्या द्वारे. 1930च्या दशकात जी. एन. जोशी यांनी गायलेली ‘शीळ’ घरोघर गेली. त्याच नावाचा संग्रह मात्र 1954 साली, मर्ढेकरांच्या ‘काही कविते’नंतर (1947) सात वर्षांनी आला. तोवर काव्याचे निकष बदलले होते. परिणामी ‘भावगीतकार’ ही संज्ञा वर्णनपर न राहता निवाड्यासारखी वापरली जाऊ लागली.

या निवाड्याच्या फेरतपासणीस ‘खूणगाठी’ (1985) भाग पाडतो. ‘अभिसार’ (1963) नंतर बावीस वर्षांनी आलेल्या या संग्रहास 1986 साली साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. उतारवयातील कवितेस ‘परिपक्व’ म्हणून गौरवण्याची समीक्षेची सवय येथे अपुरी ठरते. पूर्वीची कविता अपक्व होती, हे न तपासलेले गृहीतक त्या विशेषणात दडलेले असते.

वस्तुतः ‘शीळ’मधील निवेदन एका तरुणीचे आहे. पुरुष कवी, स्त्री निवेदक आणि पुरुष गायक अशा तीन आवाजांतून ती साकार होते. तिच्याकडे कवीचा आत्मोद्गार म्हणून पाहणे म्हणजे तिच्यातील नाट्यरूपाकडे दुर्लक्ष करणे होय.

तिन्ही शीर्षके एकत्र वाचली असता एक संगती जाणवते. शीळ दुसऱ्याच्या कानासाठी असते. अभिसारात दुसऱ्याकडे जाणे असते. खूणगाठ मात्र मनाशी बांधायची असते. आवाहनाचा प्रवास असा स्मरणाकडे होतो. गीतात धृपद परतते आणि प्रत्येक परतण्यात अर्थ गडद होतो. खूणगाठीचे कार्यही परतण्याचेच आहे : गाठीला बोट लागले की विसरू घातलेले पुन्हा जागे होते. धृपद जे उघडपणे करते, ते येथे स्मृतीवर सोपवलेले असते.

गायकाचा कंठ बाजूला ठेवला की लयीची जबाबदारी शब्दयोजनेवर, ओळीच्या थांब्यावर आणि वाचकाच्या अंतःश्रवणावर येते. ‘खूणगाठी’चे मूल्यमापन या कसोटीवर व्हावयास हवे. तसे झाल्यास गेय कविता आणि गंभीर कविता ही मराठी समीक्षेने रूढ केलेली विभागणीही तपासून घ्यावी लागेल.