वर्गणीदार, वाचक आणि लेखक

वाङ्मयसमीक्षेच्या नियतकालिकाचा विचार बहुधा संपादकापासून सुरू होतो. ‘सत्यकथा’ म्हटले की श्री. पु. भागवत व राम पटवर्धन, ‘नवभारत’ म्हटले की मे. पुं. रेगे, ‘अस्मितादर्श’ म्हटले की गंगाधर पानतावणे. वर्गणीदार मात्र वाङ्मयेतिहासात केवळ पत्ता म्हणून उरतो.

तो पत्ता तालुक्याच्या गावाचा असला, की त्याला निराळा अर्थ येतो. दौंड हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन. मनमाडचा फाटा येथून फुटतो. शिरूर घोडनदीच्या काठी, पुणे-नगर रस्त्यावर, लोहमार्गापासून दूर. समीक्षेचे त्रैमासिक अशा गावांत पोचते ते टपालाने, आणि टपालखात्याची कृपा असेल तेव्हा. चाळून पाहून ते विकत घेण्याची सोय सहसा नसते. कादंबरीचा ग्राहक सिद्ध वस्तू घेतो. येथला वर्गणीदार अजून लिहिल्याच न गेलेल्या चार अंकांचे मोल आधी चुकते करतो. एका चर्चेला दिलेली ही आगाऊ संमती होय. या अर्थाने वर्गणी ही समीक्षेचीच एक कृती ठरते. तिला देणगी म्हणणे गैर, कारण देणगीदार अंक न उघडताही समाधानी राहू शकतो.

तालुक्याचे गाव ज्ञानव्यवहारात केवळ घेणारे असते, हा समजही टिकत नाही. १९४७ साली सुरू झालेले ‘नवभारत’ पुढे प्राज्ञपाठशाळा मंडळाने चालविले ते वाईहून. दौंड तालुक्यातीलच केडगाव येथे, मुक्ती मिशनच्या छापखान्यात, पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे स्त्रियांनी जुळविले. १९२२ साली झालेल्या मृत्यूपूर्वी रमाबाईंनी ते भाषांतर पुरे केले होते. त्या भाषांतराची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. पण भाषाशास्त्रीय परिश्रमाला पुणे-मुंबईचाच पत्ता लागतो असे नाही, एवढे त्यावरून दिसते.

वाचन, वर्गणी आणि लेखन या तीन नात्यांची फारकत हा आजचा खरा प्रश्न आहे. १९६९ साली लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. ती कृती कितीही कठोर असली, तरी ती वाचकांची होती. ज्यांना अंकाची पर्वाच नाही ते त्याची होळी करीत नाहीत. पुढे २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणमोजणी आणली, मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये ती बंदही झाली. या काळात एक नवाच लेखक निपजला: ज्या नियतकालिकात तो लिहितो त्याचा तो वर्गणीदार नसतो आणि वाचकही नसतो. त्याच्या लेखातच याची खूण सापडते. मागल्या अंकातील कोणत्याही लेखाशी त्या लेखाचा वाद नसतो, संवाद नसतो. तो कुठल्याही अंकात, कुठल्याही नियतकालिकात छापता आला असता.

याउलट दौंडच्या एखाद्या शिक्षकाने मागल्या अंकातील विधान खोडून काढणारी दोन पानी प्रतिक्रिया पाठविली, तर तिला गुण मिळणार नाहीत. पण नियतकालिक हे लेखांचे गाठोडे नसून चालू असलेले संभाषण आहे, याची साक्ष तीच देईल. विषयांसाठीही फार दूर जावे लागत नाही. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे. दरवर्षी १ जानेवारीला तेथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, पुस्तिका विकल्या जातात, गीते गायिली जातात. हा वाचनव्यवहार शिरूरच्या अभ्यासकाच्या दारातला आहे. त्यावरील लेख पुण्याहून कोणी लिहील, याची त्याने वाट पाहण्याचे कारण नाही.