चष्म्यातली खोली

समीक्षकाने लेखाच्या आरंभी आपली पात्रता सूचित करावी, असा संकेत आहे. मी माझ्या अपात्रतेपासून आरंभ करतो. ज्या वस्तूचे परीक्षण करायला मी बसलो आहे, ती दोन डोळ्यांसाठी केलेली आहे. आणि माझा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता आहे. तो उघडतो, मिटतो, चुलीच्या धुराने पाणीही काढतो. पण पाहण्याचे सारे काम एकट्या उजव्याला करावे लागते. लहान वयात चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुबळ्या डोळ्याला कामाला लावतात, हे मला कळले तेव्हा मिशी फुटून बरीच वर्षे झाली होती. तेव्हा हे परीक्षण एकाक्ष माणसाचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

ती वस्तू म्हणजे एक चष्मा. गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ टोकियोहून सहकुटुंब देवबागला आला. त्याच्या सामानात एक जुने जपानी यंत्र होते : निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे घरगुती संगणक. हा १९८३ साली जपानात विक्रीला आला. नाव संगणकाचे असले तरी त्याचा मुख्य उद्योग खेळ दाखवण्याचा. १९८७ च्या ऑक्टोबरात कंपनीने त्याला जोडण्यासाठी ‘थ्री-डी सिस्टिम’ नावाचा हा चष्मा काढला. तो जपानबाहेर कधी विकला गेला नाही, आणि त्याच्यासाठी निघालेले खेळही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. पोहणाऱ्याच्या चष्म्याहून जाडजूड असे ते काळे प्रकरण एका तारेने यंत्राला बांधलेले असते.

त्याची किमया समजून घ्यायला पुस्तक नको. नाकासमोर बोट धरावे आणि एकेक डोळा आलटूनपालटून मिटावा. बोट जागचे हलत नाही. पण मागच्या भिंतीवर ते इकडून तिकडे उडी मारते. दोन डोळ्यांना दोन किंचित निराळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्या फरकावरून अंतर ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३८ मध्ये सप्रमाण दाखवून दिले. जपानी चष्मा याच तत्त्वावर चालतो. टीव्हीच्या पडद्यावर डाव्या डोळ्याचे चित्र येते त्या क्षणी उजवी काच काळी होते. उजव्याचे येते तेव्हा डावी. काचेत द्रवस्फटिक असतात आणि विजेच्या इशाऱ्याने काच झाकली-उघडली जाते. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे येतात, म्हणजे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला तीसच. म्हणून चित्र लुकलुकते आणि अर्धा उजेडही काळ्या काचेत जातो. आजच्या चपट्या टीव्हीवर ही करामत होत नाही, कारण त्यावर चित्र उमटायला विलंब लागतो आणि काचेचा ताल चुकतो. आमच्या घरी पाठीला कुबड असलेला, काचेच्या नळीचा टीव्ही अजून होता. त्याचे भाग्य त्या महिन्यात उजळले.

कल्पना मात्र जपान्यांचीही नव्हे. लॉरेन्स हॅमंड या अमेरिकन माणसाने (पुढे त्याच्या नावाचा विजेचा ऑर्गन जगभर गाजला) डिसेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेल्विन थिएटरात खुर्च्यांना फिरत्या झडपांची यंत्रे बसवून असाच चित्रपट दाखवला होता. नाटकगृहातले ते खटले घरातल्या नाकावर बसायला साठेक वर्षे लागली, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळू. भावाने दोन आणले होते, दोन्ही १९८७ चे, दोन्ही स्क्वेअर या कंपनीचे. पहिला ‘हायवे स्टार’. मोटारीच्या मागून दिसणारा रस्ता, ठरलेल्या वेळात गाठायचा टप्पा, आणि मोटारीतल्या रेडिओवर आपल्या पसंतीची धून. पहिलाच मार्ग सूर्यास्ताच्या वेळच्या सागरकिनाऱ्याचा. भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने चष्मा चढवला आणि ती ओरडली, “काका, टीव्ही आतमध्ये लांब झालाय!” एवढे नेमके रसग्रहण मला साधले नसते.

मग चष्मा माझ्याकडे आला. भाऊ कौतुकाने विचारू लागला, “तुका काय दिसता? दिसता मां?”

मला लुकलुकणारा, काळवंडलेला रस्ता दिसत होता. त्याहून अधिक काही नाही. तरी मी म्हणालो, “दिसता तर! खूप खोल दिसता.”

वाचकहो, खोटे बोललो. आयुष्यात या प्रश्नाला मी हेच उत्तर देत आलो आहे. पण रात्री सगळी निजल्यावर मी एकटा पुन्हा टीव्हीसमोर बसलो. चष्मा काढला, यंत्राचे एक बटण दाबून चित्र साधे केले, आणि मोटार हाकली. तेव्हा रस्ता खोल झाला! दूर तो सुतासारखा निमुळता होत जात होता; कडेच्या वस्तू आधी ठिपक्यासारख्या उगवत, मोठ्या होत आणि सर्रकन बगलेतून निघून जात; क्षितिज मात्र संथ. कर्लीच्या खाडीतून होडीने जाताना मी नेमके हेच पाहतो. काठचे माड धावतात, पलीकडचे डोंगर जागचे हलत नाहीत. अंतर कळायला मला कधी दुसरा डोळा लागला नाही. गती आणि प्रमाण यांनी निर्माण होणारी खोली एका डोळ्यालाही पुरते. ‘हायवे स्टार’च्या कर्त्यांनी ती इतकी पक्की बांधली आहे की चष्मा हा वरचा कळस ठरतो, तो नसला तरी देऊळ उभे राहते.

दुसरा खेळ ‘जेजे’. त्याच्या पूर्ण जपानी नावात ‘बाहेर झेप घे’ अशी आज्ञाच आहे. नायक पाठमोरा, क्षितिजाकडे अखंड धावणारा. वाटेत खांब, खड्डे आणि अंगावर येणारे शत्रू. मुले पहिल्या दिवशी किंचाळली, दुसऱ्या दिवशी हसली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी विटीदांडू काढला. दोष कोणता? चष्मा घातला काय किंवा नाही घातला काय, नायकाला करायचे ते तेच. चष्मा ऐच्छिक ठेवल्यामुळे कर्त्यांना खेळाचा एकही पेच त्याच्यावर उभारता आला नाही. ‘हायवे स्टार’मध्येही तो ऐच्छिकच आहे, पण तिथे रस्त्याची आपली गंमत आहे. इथे नावाने जे वचन दिले, ते सारे चष्म्याच्या भरवशावर दिलेले. अलंकार काढून घेतल्यावर ज्या काव्यात काही उरत नाही, त्या काव्याचे जे व्हायचे तेच याचे झाले.

गंमत पुढेच आहे. हिरोनोबू साकागुची, मूळचे इराणचे प्रोग्रॅमर नासिर गेबेली आणि संगीतकार नोबुओ उएमात्सु या मंडळींनी हे दोन्ही खेळ रचले. आणि ‘जेजे’ बाजारात आला त्याच १९८७ च्या डिसेंबरात याच त्रिकुटाचा ‘फायनल फँटसी’ आला. त्याला चष्मा नाही, खोली नाही. सतरंजीसारखा सपाट नकाशा, त्यावर ठेंगणी चित्रे, आणि एक गोष्ट. ‘जेजे’ आज हौशी संग्राहकांना ठाऊक; ‘फायनल फँटसी’चा सोळावा क्रमांक २०२३ साली निघाला.

यावरून सपाटपणा हाच गुण, असा निष्कर्ष मी काढणार नाही. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा, साधा सपाट चित्रपट. ‘झपाटलेला २’ २०१३ मध्ये थ्री-डी होऊन आला. तिथला चष्मा निराळ्या जातीचा असतो, पण हेतू तोच. मला विचाराल तर पहिल्या चित्रपटातला रामदास पाध्यांचा बाहुला अधिक जवळ येतो. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्याला ठाऊक आहे आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही, या पेचातून ते भय आणि हसू जन्मते. पडद्यातून हात बाहेर आला म्हणून ते दुणावत नाही.

आमच्या जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातील कलावंत चित्रकथी सादर करतात. २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतले चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळा मोठा, आणि राम व रावण एकाच पातळीवर उभे. पोथीतले एकेक चित्र पुढे धरून कथेकरी गाऊ लागला की त्या सपाट कागदात लंका समुद्रापलीकडे जाते. चष्म्याने दिलेली खोली यंत्र बंद केले की संपते. कथेकऱ्याची घरी नेता येते.

इथवर लिहून मी चष्म्याला कपाटात टाकले असते. पण त्याने एक काम असे केले की निवाडा देताना ते वगळणे अन्यायाचे होईल.

खेळ पाहायला वाडीतली मुले जमत. त्यांत माझ्याच शाळेतला तिसरीचा एक मुलगा होता. चष्मा त्याच्या नाकावर चढला आणि साऱ्यांनी विचारले, “दिसता मां?” क्षणभर थांबून तो इतरांसारखाच मोठ्याने हसला आणि म्हणाला, “दिसता!” तो क्षणभराचा थांबा दुसऱ्या कुणाला कळला नसेल. मी चाळीस वर्षे त्याच थांब्यात राहिलो आहे. त्याला पडवीत नेऊन एकेक डोळा झाकायला लावला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाचे आकडे वाचायला सांगितले. उजव्याने त्याने वाचले. डाव्याने, तो मान वाकडी करून म्हणाला, “गुरुजी, आईक सांगा नुको.”

आईला सांगितले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबराचा चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. आता पट्टी असताना तो फळ्यावरची मोठी अक्षरे वाचतो. बारीक अजून नाहीत. शाळा उघडल्यावर मी प्रत्येक वर्गात एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावला. खरे तर हे मला विसाव्या वर्षी सुचायला हवे होते.

मला वाटते, रसिकांच्या मेळ्यातही हीच गत असते. सभोवार ‘वाहवा’ उठली की न दिसलेले दिसले म्हणण्याचा मोह होतो, आणि समीक्षकाला तो सर्वांत अधिक. मी त्या संध्याकाळी भावाला दिलेले उत्तर येथे परत घेतो : मला काही दिसले नाही.

निवाडा असा. ‘जेजे’ एकदा पाहावा. ‘हायवे स्टार’ आधी चष्म्याविना खेळावा, मग ज्यांना दोन डोळ्यांचे दान आहे त्यांनी चष्म्यासह. आणि लुकलुकीने डोके दुखू लागण्यापूर्वी थांबावे. भाऊ जाताना यंत्र माझ्याकडेच ठेवून गेला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर तो तिसरीतला मुलगा येतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून सूर्यास्ताच्या किनाऱ्यावर मोटार हाकतो आणि दर वळणाला आपटतो. मागच्या खेपेस तीन वळणे त्याने पार केली.