'अंडे फुटते' : एका क्रियापदाची चिकित्सा

प्राणिशास्त्रावरील मराठी लेखनात 'अंडे फुटते' हा प्रयोग सर्रास आढळतो. कोंबडीच्या कवचापुरता तो खपेल; तेथेही फोडणारे पिलूच! पन्हाळ्यावर पावसाळी डबक्यांत तरंगणाऱ्या बेडकाच्या अंड्यांना मात्र कवचच नसते. भ्रूणाच्या डोक्यावरील ग्रंथिपेशी विकर स्रवतात. त्याने आवरणातील प्रथिने तुटून वाट मोकळी होते. अकर्मक क्रियापदाने हा कर्ताच लोपतो, आणि विद्यार्थी भ्रूणास निश्चेष्ट समजतो.

'विकर' ही संज्ञा निर्दोष आहे. दोष आहे तो 'पाचक रस' या तिच्या रूढ स्पष्टीकरणात. सागरी अर्चिनच्या अंड्यात फलन होताच एक विकर आवरणातील प्रथिने परस्परांत जखडून ते कठीण करते. यात पचन कोठे आले? येथे 'सांधणे' हेच क्रियापद हवे.