शेजारच्या कार्डावरचे पाच छेद

कोरपना तालुक्यात वाढलेल्या माणसाला थांबण्याची सवय लहानपणापासूनच लागते. आमच्याकडे जमिनीखाली चुनखडी आहे आणि वर सिमेंटचे कारखाने. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजतो, लाल निशाण घेतलेला माणूस वाटेवर उभा राहतो, आणि बंडीवाला असो की मोटारसायकलवाला, मुकाट थांबतो. धमाका होतो, धूळ बसते, दुसरा भोंगा होतो, मग वाट मोकळी. पुढे पहिल्यांदा बंदूक हातात आली तेव्हा हे थांबणं मला ओळखीचं वाटलं. त्यातलं सौंदर्य मात्र त्या दिवशी कळलं नव्हतं.

एनसीसीचा कॅम्प होता. पॉइंट टू टू रायफल, पंचवीस यार्डांचं अंतर, प्रत्येकाला पाच गोळ्या. चांदमारीवर आम्ही पोरं ओळीनं पालथी पडलो होतो, शेजाऱ्याचं कोपर आपल्याला लागेल इतक्या जवळ. हुकूम झाला, मी श्वास धरला आणि पाचही बार सावकाश, मन लावून सोडले. सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या करून, तपासून झाल्यावर आम्ही कार्डांकडे चालत गेलो. माझं कार्ड कोरं होतं. शेजारचा दोस्त म्हणाला, ‘अबे, तुह्या कार्डावर त एकबी नाही.’ मग त्यानं स्वतःच्या कार्डाकडे पाहिलं. तिथं दहा छेद होते. पाच इकडंतिकडं विखुरलेले, आणि पाच एकमेकांना बिलगून, वर रुपया ठेवला तर झाकतील असे.

उस्तादांनी त्याला विचारलं, यातले तुझे कोणते? त्यानं क्षणभरही न थांबता विखुरलेल्या छेदांवर बोट ठेवलं.

त्या बोटाचं रसग्रहण मी आजवर करत आलो आहे. ते पाच बिलगलेले छेद त्याच्या कार्डावर होते, त्याचे नाहीत हे सिद्ध करणं कुणालाही शक्य नव्हतं. मला शून्य मिळालं, ते बरोबरच होतं. त्याला त्याचे मोजके गुण मिळाले. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत त्यानं या गोष्टीचा उच्चारसुद्धा केला नाही.

पुष्कळ वर्षांनी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम वाचायला मिळाले. रूक्ष, कलमा-उपकलमांचं बाड. पण दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळी गेली तर काय करायचं, या कलमापाशी मी थबकलो. स्पर्धेच्या मोजणीतला बार परक्या टार्गेटवर मारला, तर मारणाऱ्याचं शून्य. इथवर कुणीही सांगेल. पुढचं वाक्य खरं वाचण्यासारखं आहे. ज्याच्या टार्गेटवर ती परकी गोळी येऊन बसली, त्याचा छेद कोणता आणि पाहुण्याचा कोणता हे ठरवताच येत नसेल, तर त्यातला सर्वांत जास्त गुणांचा छेद त्याच्या नावावर मांडायचा. ज्याच्या घरात आगंतुक शिरला, त्याला संशयाचा पुरेपूर फायदा. आणि त्याच नियमांत दुसऱ्या बाजूची जबाबदारीही आहे: टार्गेटवर उमटलेला बार आपला नाही असं म्हणायचं असेल, तर नेमबाजानं तसं लगेच अधिकाऱ्याला सांगायचं. एकीकडे नियम शेजाऱ्याला झुकतं माप देतो आणि दुसरीकडे ते माप नाकारायचं दार त्याच्यासाठी उघडं ठेवतो. माझा दोस्त त्या दारातून गेला होता, नियम न वाचता. मराठीत याला शेजारधर्म म्हणतात.

हा शब्द मनात ठेवून रेंज पाहावी. दहा मीटरच्या रेंजवर एका नेमबाजाच्या वाट्याला साधारण एक मीटर रुंदीची जागा येते. समोर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नाडीचा एक ठोकाही नळीच्या टोकाला जाणवतो, अशी ही कला. आणि ती करायची कुठं, तर दोन्ही बाजूंना तेच करणारी माणसं हाताच्या अंतरावर असताना. तेव्हा रेंजवरचे सगळे शिष्टाचार म्हणजे एकमेकांसाठी एकांत बांधणं आहे. पेटी उघडताना कडी वाजू द्यायची नाही. पुंगळी उडून शेजाऱ्याच्या मानेवर, बाहीवर पडू नये म्हणून मध्ये पडदा लावायचा, कारण नुकतीच उडालेली पुंगळी चटका देते. फोन लाइनवर आणायचा नाही. आपला बार उत्तम बसला तरी हुंकार नाही, वाईट गेला तरी चरफड नाही. शेजाऱ्याची मालिका अर्ध्यावर असताना आपलं आटोपलं, तर सामान आवरायची घाई करायची नाही. आणि कुणी पुढं टार्गेटकडे गेलं असेल, तर बंदुकीला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. नारिंगी रंगाचा बारीक झेंडा बंदुकीच्या पोटात खोचून ठेवायचा, म्हणजे लांबून पाहणाऱ्यालाही कळतं की ही रिकामी आहे. मी निर्धास्त आहे एवढं पुरत नाही, शेजाऱ्याला निर्धास्त वाटलं पाहिजे. त्या इवल्याशा झेंड्यात मला आमच्या खाणीवरचं लाल निशाण दिसतं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत देखणी वाटते ती न मारलेली गोळी. नेमबाज बंदूक खांद्याला लावतो, गाल दस्त्यावर टेकतो, श्वास सोडतो, बोट चापावर येतं, आणि काहीतरी जुळत नाही. तो बंदूक खाली घेतो. पुन्हा पहिल्यापासून. गवयानं समेच्या अलीकडे आवर्तन सोडून द्यावं आणि तंबोरे ऐकत राहावं तसं. त्या वेळी शेजारचा काय करत असतो? तो त्याच्या श्वासात असतो. दोघांच्या थांबण्यांचा एकमेकांना धक्का लागत नाही.

एवढी काळजी घेऊनही घात होतोच. 22 ऑगस्ट 2004, अथेन्स ऑलिंपिक, पन्नास मीटर थ्री पोझिशन रायफलची अंतिम फेरी. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स तीन गुणांनी पुढं होता. शेवटचा बार बाकी, आणि 7.2 सुद्धा पुरेसे होते. त्यानं बार टाकला. त्याच्या, म्हणजे दोन क्रमांकाच्या टार्गेटवर काहीच उमटलं नाही. यंत्र बिघडलं असेल असं वाटून तो अधिकाऱ्यांकडे वळला. गोळी तीन क्रमांकावर, ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियान प्लानेरच्या टार्गेटवर जाऊन बसली होती. 8.1. तोच बार स्वतःच्या टार्गेटवर पडता, तर सुवर्ण त्याचं होतं. तो आठवा आला. चीनच्या जिया झानबोला सुवर्ण मिळालं आणि प्लानेरला कांस्य. एमन्सनं पुढं सांगितलं ते असं, की दर बाराआधी तो आधी टार्गेटचा क्रमांक पाहायचा आणि मग नजर खाली आणायचा. त्या वेळी मन शांत करण्यात तो गुंतला आणि क्रमांक पाहायचा राहून गेला. मला हे वाचून कोरं कार्ड आठवलं, आणि त्या माणसाबद्दल जी माया वाटली ती अजून आहे.

या घटनेला अलीकडची आणि पलीकडची अशा दोन बाजू आहेत, त्या सहसा कुणी सोबत मांडत नाही. अथेन्सच्या आधी काही महिने कुणी अज्ञातानं एमन्सची रायफल खराब करून ठेवली होती. तेव्हा ॲम्बर डारलँड या त्याच्या जुन्या सहकारी नेमबाज मुलीनं आपली रायफल त्याला वापरायला दिली. नेमबाजाची रायफल त्याच्या गालाच्या, खांद्याच्या मापानं बसवलेली असते, ती दुसऱ्याला देणं म्हणजे अंगावरचं काढून देणं. त्या उसन्या रायफलनं त्यानं दोनच दिवस आधी प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं होतं. आणि त्या चुकलेल्या बारानंतर चेक नेमबाज कातेरझिना कुरकोव्हा वडिलांसह त्याच्यापाशी गेली आणि चार शब्द बोलली. तिची-त्याची लेन कधी शेजारी नव्हती. 2007 मध्ये त्यांचं लग्न झालं.

त्याच अथेन्समध्ये आपल्या महाराष्ट्राच्या अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे नेमबाजी करत होत्या. दीपालीताई महिलांच्या थ्री पोझिशन प्रकारात होत्या. वीस वर्षांनी, 1 ऑगस्ट 2024 ला, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर पुरुषांच्या थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत त्यांचा शिष्य उभा होता: राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे. पात्रतेत तो 590 गुणांनी सातवा होता. आमच्याकडे त्या दुपारी कपाशीत डवऱ्याची कामं चालू होती, आणि मी मोबाइलच्या पडद्यावर त्याचे हात पाहत होतो.

थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून. उभ्याच्या टप्प्यात एकेक नेमबाज बाद होतो. आताच्या अंतिम फेऱ्यांत प्रेक्षकांनी ओरडावं, टाळ्या द्याव्यात असाच रिवाज आहे, शांतता मागायची सोय राहिलेली नाही. म्हणूनच लाइनवरचं वागणं ठळक दिसतं. ज्याचं संपलं तो बंदूक रिकामी करतो, झेंडा खोचतो आणि मागं सरतो. चार वर्षांची मेहनत त्या क्षणी ढासळलेली असते, आणि तरी त्याचं सरकणं शेजाऱ्याच्या श्वासाला लागत नाही. स्वप्नील गुडघ्यावरच्या टप्प्यात मागं होता, उभ्यात वर चढत गेला. एक गेला, आणखी एक गेला. त्याच्या चेहऱ्यावर त्यातलं काही उमटलं नाही.

चव्वेचाळिसाव्या बारानंतर त्याचे गुण 451.4 झाले आणि तो तिसऱ्या स्थानावर थांबला. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं. माझ्या मागं कुणीतरी जोरात ओरडलं. मी त्याला हातानं खुणावलं, थांब. लाइनवर चीनचा लिउ युकुन आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश अजून उभे होते, आणि त्यांचा एक बार बाकी होता.