शिरोरेषेखालचे शेजारी

उपयोजित कलेच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प हा एका साहित्यविषयक त्रैमासिकातील समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे काही वाचक विचारतील. माझ्या मते तो व्हावयास हवा. पुस्तक वाचण्याआधी आपण अक्षर पाहतो, आणि ते अक्षर कोणी तरी घडविलेले असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे टाइप हाताशी नव्हते. मराठीच्या माधुर्याने भारावलेल्या त्या कवीची ओवी तिच्या स्वतःच्या लिपीत छापता येऊ नये, ही आपल्या साहित्याच्या आरंभीचीच एक उणीव होय. ती भरून निघावयास दीर्घ काळ लागला. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेव्हा अक्षर घडविणाऱ्यांशी आपले नाते जुने आहे.

पेणची एक विद्यार्थिनी मुंबईतील एका कला महाविद्यालयात बी.एफ.ए.च्या चौथ्या वर्षाला आहे. तिचा निकाल अजून लागावयाचा असल्याने नाव लिहीत नाही. ज्युरीपुढे मांडलेले तीन प्रकल्प तिने गावातही मांडून दाखविले: पेणच्या पोहे-पापडांसाठी वेष्टने, गणेशमूर्तींच्या आखणीवरून सुचलेली एक अक्षरमाला, आणि पेण-रोह्याच्या बेने इस्राएल कबरींवरील अक्षरांचे बत्तीस पानी पुस्तक.

वेष्टनांविषयी थोडक्यातच लिहितो. ती देखणी आहेत आणि उसनी आहेत. पापडाच्या पुडीवर वारली चित्रांतील तारपा नृत्य काढले आहे. वारली चित्रकला ही डहाणू-जव्हारकडची. पेणच्या डोंगरकपारीला राहतात ते कातकरी आणि ठाकूर. ‘ग्रामीण’ म्हटले की वारली काढावयाची, हा शहरी जाहिरातदारांचा आळस आहे. पेणच्याच मुलीने तो उचलावा याचे वाईट वाटते. पापड लाटणाऱ्या बायकांचे हात, उन्हात पसरलेल्या साड्या आणि त्यांवर वाळत घातलेली गोल चकत्यांची रांग, ही नक्षी तिच्या अंगणात होती.

आखणीचा प्रकल्प याहून वरच्या पायरीचा आहे. पेणच्या कारखान्यांत मूर्तीचे डोळे रेखाटण्याच्या कामाला आखणी म्हणतात, आणि ते जाणत्या हातालाच दिले जाते. कुंचल्याची ती एक रेघ आरंभी बारीक, मध्ये भरदार आणि टोकाला पुन्हा निमुळती होत जाते. याच रेघेतून देवनागरीचे वळण घडवावे, ही कल्पना अस्सल आहे. ‘म’, ‘न’, ‘ग’ ही अक्षरे तिने सुरेख साधली आहेत. जोडाक्षरांपाशी मात्र हात डगमगतो. ‘क्ष’ आणि ‘द्ध’मध्ये कुंचल्याची रेघ नाहीशी होऊन संगणकाची वक्ररेषा तेवढी उरते. अच्युत पालव हे जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकत असताना मोडी लिपीच्या अभ्यासाकडे वळले, आणि तो अभ्यास पुढे त्यांच्या साऱ्या सुलेखनाला पुरला. मोडीतील अक्षरे त्यांनी नुसती सजावटीसाठी घेतली नाहीत. लेखणी न उचलता लिहिणाऱ्या हाताची गती त्यांनी आत्मसात केली. या मुलीने डोळ्याचा आकार घेतला, हाताची गती अजून घेतलेली नाही. तिने एखाद्या हंगामात आखणी करणाऱ्याच्या शेजारी बसून दोन-तीनशे डोळे स्वतः काढले असते, तर ‘क्ष’ आपोआप सुटला असता.

आता कबरींच्या पुस्तकाकडे येतो, कारण खरी गुणवत्ता तेथे आहे आणि खरी चूकही तेथेच आहे.

बेने इस्राएल हे कोकणचे मराठीभाषक यहुदी. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावावरून आडनावे घेण्याची कोकणी रीत त्यांनीही पाळली आणि पेणकर, रोहेकर अशी घराणी झाली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. मागे राहिले ते कबरींचे दगड, आणि त्यांवर एकाखाली एक कोरलेली हिब्रू व मराठी. हा विषय निवडण्यात या मुलीची दृष्टी दिसते. आपल्या गावाच्या आठवणीचा एक कोपरा, जेथे सहसा कोणी जात नाही, तेथे ती कागद आणि कोळसा घेऊन गेली. तिने दगडांवरून घेतलेले ठसे इतके नितळ आहेत की छिन्नी कोठे घसरली तेही दिसते. मराठी कोरणारा पाथरवट हिब्रूशी अनोळखी असावा, हे तिने एका टिपणात अक्षरांच्या खोलीवरून दाखविले आहे. असे निरीक्षण मुरलेल्या संशोधकालाही भूषण ठरावे.

परंतु पुस्तकाची मांडणी करताना तिने दोन्ही लिप्या खालच्या रेषेवर उभ्या केल्या. ही रोमन लिपीची सवय आहे. रोमन अक्षर जमिनीवर उभे राहते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते. आणि हिब्रू? सेमिनरीत जुन्या कराराच्या अभ्यासासाठी ज्यांनी हिब्रू मुळाक्षरे गिरविली असतील त्यांना आठवेल की तोराच्या गुंडाळ्या लिहिणारा लेखक आधी चर्मपत्रावर रेषा आखतो आणि अक्षरे त्या रेषेच्या खाली टांगतो. म्हणजे एक उजवीकडून डावीकडे चालणारी आणि दुसरी डावीकडून उजवीकडे, अशा या दोन लिप्या एकाच वरच्या रेषेखाली राहणाऱ्या शेजारणी आहेत. मांडणीचा सारा विचार या एका गोष्टीवर उभारता आला असता. त्याऐवजी जोडपानांवर मराठी व हिब्रू ओळी वरच्या बाजूने खालीवर झाल्या आहेत आणि डोळा अडखळतो.

दुसरा दोष अर्थाचा आहे. हिब्रूत वर्षे अक्षरांनीच लिहितात, कारण प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. मृत्यूचे वर्ष सांगणारी ती अक्षरे तिने सुंदर म्हणून मोठी केली, फिकट रंगात पानाच्या पार्श्वभूमीवर पसरली आणि काही ठिकाणी कडेला कापलीही. माणसाच्या मरणाची तारीख अशी अर्ध्यात कापली गेली आहे. तिच्या मनात अनादर मुळीच नव्हता. वाचता न येणारे अक्षर नक्षी होऊन बसते, एवढेच घडले आहे. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने वाचता येत नाही ते मांडू नये, हा नियम मला कडक वाटत नाही.

या विषयाला एक थोर पूर्वज आहे. १८७४ साली पुण्यात ‘हग्गादा’ छापला गेला, म्हणजे वल्हांडणाच्या भोजनप्रसंगी वाचावयाचा ग्रंथ. त्यात हिब्रू मजकूर आणि त्याचे मराठी भाषांतर सोबत आहे, आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत. त्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियामातेला साडी नेसविली म्हणून आपल्याकडे केवढा गहजब झाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तो ग्रंथ मुद्दाम पाहावा. दोन लिप्या एका पानावर शहाणपणाने कशा नांदवाव्यात, याचा धडा या विद्यार्थिनीला तेथे मिळाला असता. तिच्या प्रेरणास्थानांच्या यादीत परदेशी पोस्टरकारांची नावे भरपूर आहेत, पण ‘हग्गादा’ नाही. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचेही नाव नाही, आणि संगणकावर ती ज्या ‘मंगल’ अक्षरांत आपली टिपणे लिहिते ती त्यांनीच घडविली आहेत.

अर्थात सारा दोष तिच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. अंतिम वर्षाचा व्याप मी जवळून पाहिला. तिन्ही प्रकल्पांच्या सबमिशनच्या तारखा एकाच पंधरवड्यात, शिवाय लेखी प्रबंध, शिवाय डिस्प्ले. पहाटे पेणहून निघावयाचे, रात्री परतावयाचे, आणि मग माउंट बोर्ड कापीत बसावयाचे. छपाईचा खर्च घरच्यांच्या कमाईतून. अशा स्थितीत विद्यार्थी जे लवकर चमकते ते आधी करतो. हिब्रू मुळाक्षरे शिकावयास तीन आठवडे पुरतात. ते तीन आठवडे वेष्टनांनी खाल्ले. तीनऐवजी एकच प्रकल्प वर्षभर करू दिला असता तर कबरींचे पुस्तक पूर्ण झाले असते. कला महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांनी याचा विचार करावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

पुस्तकाची शेवटची आठ पाने नुसत्या छायाचित्रांची आहेत. त्यांतील दगडांचे वाचन झालेले नाही. रोह्याकडच्या दोन दगडांवर शेवाळ इतके चढले आहे की मराठी ओळीतले आडनावही जेमतेम दिसते. निकाल लागल्यावर, परंतु मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, तिने ते ठसे आधी घ्यावेत. मांडणी नंतर बदलता येईल.